भुजंगरावांची संगीन

विजयनगर, म्हैसूर
१४ ऑक्टोबर २०२४

स्नेही उपेंद्र यांस,
स. न. वि. वि.

जोडी जुळली. आमचे वडील हवालदार भुजंगराव यांनी ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलेली संगीन आता तिच्याच म्यानात आहे. मुठीवर आणि म्यानाच्या लोखंडी तोंडावर नंबर एकच. नवी संगीन म्यानात खडखडते; ही नुसता श्वास सोडते. माझे कान फसत नाहीत.

आईनं वाटणीत म्यान मला दिलं आणि संगीन धाकट्या खंडोजीला. निदान आयुधपूजेला तरी भावांनी एकत्र यावं म्हणून. आम्ही येतोही. पण तो दरवर्षी पात्याला लिंबू चोळणार, वर कुंकू थापणार. लिंबानं पोलाद खाल्लं जात होतं. मागून त्यानं दिली नसती. मग हुबेहूब नक्कल करवून घेतली, नंबरासकट, जुनी दिसेलशी. शुक्रवारी मंडळी पानावर बसली तेव्हा देवघरात कुंकू पुसायच्या निमित्तानं बदलून टाकली. स्वारी ती घेऊन खुशीत पिरियापट्टणला गेली. देवराज मोहल्ल्यात फुटपाथवर बटणं विकून वर आलोय, एवढी हातचलाखी अंगात असणारच.

तुमच्या मार्चच्या पुण्याच्या जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनात काचेची एक पेटी राखून ठेवा. स्नेह आहे तसाच असू द्यावा.

आपला,
मानाजीराव


पिरियापट्टण
१४ जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
खंडोजीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्यानं बोलवणार नाही, लिहा, असं सौ. वनजा मला म्हणाली. रविवारी आपल्या फौजी घराण्यांच्या मंडळात अप्पांची संगीन नेली होती. सुम्ने, उगीच आपली, सगळे नेतात म्हणून. तिथल्या निवृत्त मेजरांनी भिंगातून पाहिली आणि चारचौघांत सांगितलं, ही कुठल्याच फौजेची नाही, नक्कल आहे. मागून कुणी म्हणालं, भुजंगराव लढाईत रोट्या भाजत असतील. लोक हसले. मीही हसलो, काय करणार.

ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला. ट्रंकेतून निघाली तर आयुधपूजेला म्हैसूरला आपल्या देवघरात, दुसरीकडे कधी गेली नाही. मग बदलली तरी कुणी म्हणायचं? म्हणजे अप्पांनीच बाजारातून आणली? नात चंदना विचारते, पणजोबा लढाईला गेलेच नव्हते का. तुम्हाला यातलं कळतं. अप्पा खोटं बोलले नाहीत एवढं तुम्ही लिहा, मी त्या मेजरांपुढे जाऊन उभा राहतो. तुमचा एक शब्द पुरे.

आशीर्वाद असावा.
खंडोजी


विजयनगर
२२ जानेवारी २०२५

चि. खंडोजीस अनेक आशीर्वाद.

अप्पा फौजेत होते यात शंका नाही, पेन्शन येत होती. पण डेपोत सामान मोजणाऱ्यालाही पेन्शन मिळते. बाप माणूस मुलांना चार गोष्टी वाढवून सांगतोच, त्याला खोटं म्हणू नये. मनाला लावून घेऊ नकोस. संगीन आता कुणाला दाखवू नकोस आणि मेजरांशी वाद घालू नकोस. सौ. वनजाला आशीर्वाद. माझी माया आहेच.

अण्णा


पिरियापट्टण
५ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

खरं लिहिलंत, बरं झालं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी ऐकलं नसतं. अप्पांचा गणवेशातला फोटो उतरवून ठेवला. मंडळाच्या फलकावर ब्रह्मदेशात लढलेल्यांत त्यांचं नाव होतं, ते काढायला मीच सांगून आलो. त्यांनी चहा दिला.

कृपा असू द्यावी.
खंडोजी


विजयनगर
११ फेब्रुवारी २०२५

स्नेही उपेंद्र यांस,
स. न. वि. वि.

जानेवारीत खंडोजीला खरं लिहायला बसलो होतो. दोन ओळी लिहिल्याही. पण खरं लिहिलं असतं तर संगीन परत द्यावी लागली असती.

आता एक काम करा. तुमचं प्रदर्शनाचं माहितीपत्रक खंडोजीच्या फौजी मंडळातही येतं. त्यात वडिलांचं नाव दिसलं तर भाऊ माझ्या दारात उभा राहील. तेव्हा ते नाव काढा, माझंही काढा. एवढंच छापा: संगीन व म्यान, जुळते नंबर, ब्रह्मदेश, १९४४. शिपायाचं नाव उपलब्ध नाही.

लोभ कमी होऊ देऊ नये.

आपला,
मानाजीराव