मांजरीची पाचवी

ता. १६ नोव्हें. ९७, रविवार
पहिली आली ती हंसाबेनच, दुसरं कोण येणार. समोरच्या ओट्यावर टपूनच असते. लेकीची रिक्षा आमच्या पोळीच्या गल्लीतून बाहेर पडली नसेल तोच ही आत. म्हणे जमाई जाडे झाले. झाले असतील, माझं लक्ष कुठं होतं. शुभाच्या नणंदेचं लग्न नागपूरला, तिथून सगळे तिरुपतीला. तोवर त्यांच्या तरसालीच्या घरातले दोघं माझ्याकडं. राजा कुत्रा, पांढरा, केसाळ, पामेरियन. आणि बबली, मीनलची करडी मांजर. नात जाताना रडली, आजी, हिला जिना उतरू देऊ नको. नाही ग बाई. मला तर आनंदच, घरात कुणीतरी पायात येतंय. हे गेल्यापासून...
बबलीचं पोट बघून हं.बेन हसली. शुभा म्हणून गेलीय, दूध फार पिते. मी चार बाळंतपणं केलीत, मला कळत नाही होय.

ता. १८
पहाटे तीन पिल्लं. गोधड्यांच्या पेटाऱ्यात. दोन करडी, एक पांढरं, काळ्या शेपटीचं. मला हसूच आवरेना. चहा टाकला नि विसरले, परत टाकला, परत विसरले. राजा पेटाऱ्यापर्यंत गेला आणि शेपूट घालून माघारी. पुरुषच तो.
शेपा भाजून दिल्या, खाल्ल्या नाहीत. अळिवाची खीर नुसती हुंगली. हं.बेन शिरा करून घेऊन आली. पोळीत कुत्री व्याली की सगळ्याजणी मिळून शिरा करतात तसा. म्हणे, "कूतरीने खवडावीए, तो बिलाडीए शो गुनो कर्यो?" खरंच, कुत्रीला खाऊ घालायचं तर मांजरीनंच काय घोडं मारलंय. बबलीनं त्यातलं तूप तेवढं चाटलं, उरलेला राजानं.
हं.बेनच्या फोनवर शुभाला सांगितलं. मीनलनं फोन ओढून घेतला. पांढरं तिच्या उशाशी झोपणार म्हणे. "आजी, मी येईपर्यंत त्यांना डोळे उघडू देऊ नको हं." आता हे काय माझ्या हातात आहे?

ता. २२
आज पाचवी. माहेरी बाळंतीण म्हटल्यावर करायला नको का. शुभाचीसुद्धा इथंच केली होती. पाटा-वरवंटा धुऊन पुजला, दिवेलागणीला बायकांना बोलावलं, हळदीकुंकू हं.बेननं लावलं. मराठी-गुजराती सगळ्या आल्या, घर भरून गेलं. प्रत्येकीनं पिल्लू हातात घेतलं, कपाळाला हळद लावली. इनामदार वहिनींनी विचारलं, सटवाईला नशीब लिहायला कोरा कागद कुठाय? म्हटलं मांजरीचं काय लिहायचं, दूध नि उंदीर. सगळ्या हसल्या. बबली माळ्यावर चढून गुरगुरत होती. मला वाटलं लाजतेय. वाटली डाळ छान झाली होती.

ता. २३
पेटारा रिकामा. गोधडीला हळदीचे डाग तेवढे.
माणसांचे हात लागले की मांजर पिल्लं हलवते. ठाऊक होतं की मला. कालच्या गडबडीत कुठं गेलं होतं ते... पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर, पाण्याच्या पिंपामागं. शेजारी तीन घरं पालथी घातली. आणि तो तुटक्या कानाचा बोका, तो काल दिवसभर पत्र्यावर होता. जेवण गेलं नाही.

ता. २५
बबली येते. दूध-पोळी खाते नि खिडकीतून पत्र्यावर. मी खिडकीशी पोचेपर्यंत नाहीशी. हे गुडघे! हं.बेननं गच्चीवरून पाहिलं, पलीकडच्या बंद घराकडं जाते. मालक अमेरिकेत मुलाकडं, किल्ली कुणाकडं कुणालाच ठाऊक नाही. भिंतीला कान लावून उभी राहिले. हं.बेन म्हणते काही ऐकू येत नाही. राजा मात्र त्या भिंतीखालून हलत नाही, गाठिया दाखवला तरी.
शुभाचा फोन. मीनल विचारतेय, डोळे उघडले का. म्हटलं अजून नाही. खोटं नव्हे ते, मी कुठं बघितलेत.

ता. २७
बोका पत्र्यावर, त्याच घराच्या बाजूला. चप्पल फेकली. चप्पल पत्र्यावर राहिली, बोकाही तिथंच. मी एका पायात चप्पल घालून खिडकीत. काय करू शकते मी?
बबली दुधाला आली तेव्हा तिच्यासमोर बसले. "आमचं चुकलं बाई. घेऊन ये त्यांना. कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा नाही." तिनं मिशा पुसल्या नि गेली.
कागद ठेवायला हवा होता. हसण्यावारी नेलं मी.

ता. २९, शनिवार
दुपारी आली. तोंडात पांढरं! राजाच्या अंगावरून उडी मारून पेटाऱ्यात ठेवलं, चाटलं, परत पत्र्यावर. एकच. बाकीची दोन आणायला गेली, की ती उरलीच नाहीत?
हात लावला नाही. वाकून बघितलं फक्त. एक डोळा उघडलाय त्याचा, निळा. माझ्याकडंच बघत होता.
हं.बेन खालून ओरडते, खिडकी लावा, बोका आत येईल. लावली तर बबली कुठून येणार? उघडी ठेवलीय. पेटाऱ्यापुढं पाट मांडून बसलेय, मांडीवर लाटणं. राजाला शेजारी बसवलंय, तो झोपलाय. अजून आली नाही.
शुभानं कळवलंय, रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. म्हणजे उद्याच.