शालू नेसलेलं अक्षर

अण्णा, आज तुमचा नियम मी मोडला. मोडताना क्षणभरही थांबले नाही, याचंच दिवसभर वाईट वाटत राहिलं.

सात रस्त्याजवळचं आपलं छपाईचं दुकान अजून चालू आहे. बोरूनं आता कोणी लिहीत नाही. लग्नपत्रिकांवर वधूवरांची नावं तुम्ही ज्या वळणदार अक्षरात लिहायचात, त्याचा मी जुन्या पत्रिकांवरून फॉन्ट करून घेतला. बटण दाबलं की तुमचं वळण पडद्यावर उमटतं आणि मला उगीच मागं वळून बघावंसं वाटतं. नवा बोरू तासला की धार बघायला तुम्ही रद्दीवर माझंच नाव लिहायचात. कधी वेलांटी लांबायची, कधी शाई फुटायची. "आज रुसलीय बघ," म्हणायचात.

कॉलेजात असताना एकदा तेराव्याच्या कार्डासाठी गेलेल्या बाईंचं नाव मी हौसेनं त्याच अक्षरात गिरवलं होतं. तुम्ही कागद उचलता, चष्म्यावरून बघता. "हे अक्षर शालू नेसलेलं हाय. सुतकात शालू नेसत्यात व्हय गं?" आणि कागदाचे दोन तुकडे. तेव्हापासून दुःखाच्या कार्डाला साधा टाइप. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं नावही मी साध्याच टाइपात छापलं. नियम पाळला याचं तेव्हा समाधानच वाटलं होतं.

आज सकाळी दुधनी गावचे एक आजोबा आले. बायकोच्या तेराव्याचं कार्ड हवं होतं. मी नमुने पुढं केले, तर त्यांनी काचेखालच्या लग्नपत्रिकेवर बोट ठेवलं. "नाव असं पायजे."

"आजोबा, हे लग्नाचं असतं."

"ठाव हाय की. लेकाची पत्रिका हितंच छापली न्हवं का. ती लई वेळ त्या अक्षरावर बोट फिरवत बसली. म्हणली, आपलं कुटं असं आलं. आमचं लगीन देवळात, चार माणसांत. कारड कुटलं?" मी नमुने आवरून ठेवले. तेच पुढं म्हणाले, "गणपती नको, फुलं नको, बाई. नाव तेवढं नटू द्या."

मी काळ्या शाईत छापून दिलं. त्यांची दया आली म्हणून, की तुम्ही फाडलेला तो कागद इतक्या वर्षांनी मला जोडायचा होता म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. कार्डं पिशवीत ठेवण्याआधी आजोबांनी त्या नावावरून एकदा बोट फिरवलं. तुम्ही समोर असता तर नाही म्हणाला असता का, हेही विचारायचं होतं.

हे वहीतच राहणार, म्हणून लिहिते. ते गेल्यावर मी त्या अक्षरात माझं नाव टाइप केलं. पत्रिकेवर ते कधी गेलं नाही, निदान बघावं तरी. सुरेख आलं. पुसून पुन्हा केलं. तसंच आलं. मग परत परत करत बसले, अण्णा. एकदाही रुसलं नाही.