मांडवगणला काटा चढला

मंगळवार, १८ नोव्हेंबर. दौंड.

आज मांडवगण फराट्यात रेडिओचा सिग्नल मोजला. मागच्या महिन्यात तिथंच, शून्यावर असलेला मीटरचा काटा अचानक चढला होता. तिकडे स्टेशनवर माझा दादा अजून टॉवरवर होता आणि बबनने न विचारता ट्रान्समीटर चालू केला; चालू झाला की अख्ख्या टॉवरमध्ये वीज खेळते. दादा गेला, ते मला काट्यावरून कळलं.

त्याच बबनला आज माझ्यासोबत पाठवलं. मोजताना तो म्हणाला, "आप्पा, बोला की कायतरी. बघा, काटा कसा झ्याक चढलाय."

मी त्याला मारलं. नाक फुटलं, तो पडला, तरी लाथा घालत राहिलो. ड्रायव्हरने ओढलं नसतं तर?

"मला वाटलं, दादा उतरलं आसतील," एवढंच बोलला. उलटा हात एकदाही उगारला नाही. तेच सलतंय.

रक्ताचा शर्ट गार पाण्यात भिजत घातला.