दाजींचा थांबा

२ एप्रिल
आजपासून रोजनिशी. कारण: गोष्टी मनात ठेवल्या की कामावर परिणाम होतो, आणि माणसांना सांगितल्या की त्याहून जास्त होतो. वही ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्याकडे. आई आज ड्रॉवरची मूठ पुसत होती. याआधी कधी पुसली नव्हती. नोंद घेतली.
संकल्प: दिवाणखान्यात कमी बसायचं, आणि वर्ष संपायच्या आत टेस्ट लीड, म्हणजे चाचणी गटाची प्रमुख, व्हायचं.

४ एप्रिल
थोडी पार्श्वभूमी, पुढे संदर्भाला लागेल म्हणून. आमची कंपनी एक जुना गेम नव्याने करते आहे. त्यातला खलनायक, राखेचा सम्राट, बारा वर्षांनी परत येतो आहे. चाहते त्याला दाजी म्हणतात. राज्यं जाळणाऱ्या माणसाला बहिणीच्या नवऱ्याचा मान कशाला, याचा शोध मी घेतलेला नाही. माझं काम चुका शोधायचं.
काल ट्रेलर आला. धाकटी सोफ्यावर उभी राहून किंचाळली. आईने आतून विचारलं, कोण आलं गं. धाकटी म्हणाली, दाजी आले! आई हात पुसत धावत बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, गेममधले. तिचा चेहरा इतका पडला, की तिने कोणाला काही कबूल करून ठेवलंय का, याची शंका आहे.

९ एप्रिल
पहिला मोठा बग. शेवटच्या लढाईत सम्राट तलवार उगारतो आणि तसाच उभा राहतो. जवळजवळ दोन सेकंद. मग वार. स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे गेमच्या लेखी नियमांत, याचा उल्लेख नाही. एवढा मोठा सम्राट, आणि वर्गात बाहेर जायची परवानगी मागणाऱ्या मुलासारखा हात वर. प्रोग्रामरच्या नावे तक्रारीचं तिकीट टाकलं.

१० एप्रिल
तिकीट बंद होऊन परत. शेरा: असंच हवंय.
प्रोग्रामर तोच, ज्याला मी मनात ढिम्म म्हणते, कारण आभाळ कोसळलं तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलणार नाही. दुरुस्त करता आलं नाही की लोक असंच हवंय म्हणतात. तिकीट पुन्हा उघडलं.

११ एप्रिल
पुन्हा बंद. शेरा: राहू द्या ना.
'ना' हा तांत्रिक शब्द नाही. संशय बळावला.

१५ एप्रिल
ढिम्मने कॉफी मशीनपाशी गाठलं. जुना गेम खेळलात का कधी, असं विचारलं. म्हटलं, कागदपत्रं सगळी वाचली आहेत. खेळलं की दृष्टी कलुषित होते. तो म्हणाला, एकदा खेळा, मग भांडू. विषय बदलायची ही पद्धत मला चांगली ओळखीची आहे. तडक निघाले. कप मशीनखालीच राहिला. तो घ्यायला परत गेले नाही, तत्त्व म्हणून.

२१ एप्रिल
घरी धाकटीचं टोळकं. ती त्यांच्या फॅनग्रुपची म्होरकी आहे. जुना गेम लावला होता. मी खोलीत, दार बंद, तरी ऐकू येत होतं. सम्राटाची तलवार वर गेली की सगळे एका सुरात: मारा ना दाजी! लाजताय काय! घरचंच समजा! एक जण म्हणाला, अरे नीट आग्रह करा, त्याशिवाय हात खाली यायचा नाही त्यांचा. मग इतके हसले, की कोणाला तरी ठसका लागला आणि आईला पाणी न्यावं लागलं.
निष्कर्ष: बग बारा वर्षं जुना आहे आणि गिऱ्हाईक उघड उघड टर उडवतंय. ढिम्मला हे ठाऊक असणारच. म्हणजे तो दडवतो आहे.

२४ एप्रिल
जेवताना धाकटी हळूच म्हणाली, ताई, बाकी काही सांगू नकोस, एवढंच सांग, ते थांबतात ना? मी म्हटलं, सांगता येणार नाही, करारावर सही केली आहे. ती म्हणाली, बरं, नुसती मान हलव. हलवली नाही. मान स्थिर ठेवायला त्रास होतो, हे आज कळलं. आई म्हणाली, सांग की गं, जीव टांगणीला लागलाय पोरीचा. दोघी आतून मिळालेल्या आहेत.
एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसली. धाकटीचा आवाज कापत होता. दाजी अजूनही थांबत असतील, ही चाहत्यांना धास्ती आहे.
तिची धास्ती मी दूर करणार. बोलून दाखवणार नाही. रिलीजच्या दिवशी तिला आपोआप कळेल.

२ मे
ढिम्म आठवडाभर रजेवर. बहिणीचं लग्न आहे म्हणे. नेमकं आत्ता.
त्याचा कोड उघडला. थांबण्याची ओळ सापडली. जुन्या गेममध्ये मशीन धीमं होतं म्हणून सम्राट थांबायचा. नव्यात त्याला थांबायचं कारणच नाही. ढिम्मने ती ओळ मुद्दाम हाताने घातली आहे! वर टीप: इथे हात लावू नये. का, ते मला येऊन विचारावे.
विचारलं नाही. त्याला तेच हवं असणार.

३ मे
मॅनेजर मॅडमना त्या दोन सेकंदांचा आलेख काढून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, खेळणाऱ्यांना हे खटकतं का. म्हटलं, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. त्या म्हणाल्या, मग काढून टाका. शेजारच्या प्रोग्रामरने ओळ काढली. आता तलवार वर जाते आणि लगेच खाली येते. चोख काम. मॅडम म्हणाल्या, असं बारीक बघणारी माणसं हवीत आपल्याला. लीडचं झाल्यातच जमा आहे.
संकल्प: लीड झाल्यावर नम्र राहायचं. ढिम्मशीसुद्धा.

१० मे
ढिम्म परतला. माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, तुम्ही काढलंत? म्हटलं, प्रक्रियेनुसार. तो म्हणाला, गेमच्या डिस्क छपाईला गेल्यासुद्धा, आता रिलीजआधी काही करता येणार नाही. रेषा हलली. प्रथमच पाहिली. अपराधी भावना असावी. जाताना लग्नाचा पेढा ठेवून गेला. खाल्ला नाही.

१६ मे
रिलीज. धाकटीच्या ग्रुपने हॉल घेतला होता. मोठा पडदा, पुठ्ठ्याचे मुकुट, राखाडी झगे. एका बाईंनी तर कडेवरच्या बाळालाही झगा शिवला होता. फलक: दाजी, आपलं स्वागत आहे. मी मागे बसले. शेवटची लढाई खेळायचा मान धाकटीला.
सम्राट आला. शिट्ट्या. काही लोक चक्क रडत होते. तलवार वर गेली. अख्खा हॉल उठून उभा राहिला आणि एका श्वासात म्हणाला, मारा ना दा
वार झाला. पडदा लाल. धाकटी हरली.
शांतता. मी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी सुरुवात करायला हवी होती. इतरांना कौतुक पचायला वेळ लागत असावा. बराच वेळ लागला.

त्याच दिवशी, घरी
चालत आलो. वाटेत धाकटी रडत होती. म्हणाली, मी सात वर्षांची होते गं, अंगठासुद्धा पुरायचा नाही बटणापर्यंत. बाकीचे सगळे शत्रू पटकन मारून मोकळे व्हायचे. दाजी तेवढे थांबायचे माझ्यासाठी. तू दार लावून अभ्यासाला बसायचीस, मग मला होतं कोण?
हे स्पेसिफिकेशनमध्ये नाही.

१७ मे
सगळीकडे एकच. हे आमचे दाजी नव्हेत, तोतया बसवलाय. दाजींना घाई कोणी लावली? एकाने लिहिलंय, जेवायला बसवून ताट ओढून घेतल्यासारखं वाटलं. कंपनीने जाहीर केलं, की अपडेटमधून थांबा परत देऊ. ढिम्म सकाळपासून ती ओळ पुन्हा घालतो आहे. मॅडमना आपण हो म्हटल्याचं आठवत नाही. आलेखही आठवत नाही. लीडचं पद यंदा भरायचंच नाही, असं ठरलंय म्हणे. कोणी ठरवलं, ते कळलेलं नाही.

१९ मे
धाकटीने विचारलं, दाजींची वाट कोणी लावली हे ग्रुपला हवंय, तू शोधून देशील? मग फोनवर कोणाला तरी म्हणाली, ताईइतकं संशयी माणूस शोधून सापडणार नाही. हे कौतुक आहे. काम स्वीकारलं. नकार दिला असता तर संशय आला असता.

२२ मे
तपास पूर्ण. ओळ गेली त्या दिवशी ढिम्म गैरहजर होता. इतकं निर्दोष कोणी असतं का? शिवाय ती टीप त्याने जरा गोडीत लिहिली असती, तर कोणीही जाऊन विचारलं असतं. अगदी कोणीही. म्हणजे मूळ कारण तोच.

२३ मे
निष्कर्ष धाकटीला सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे उद्या ग्रुपवर त्याचं नाव टाकू? लोक सोडणार नाहीत हं त्याला. मी पाणी प्यायले. ती म्हणाली, टाकू का, ताई? मी म्हटलं, घाई नको.
ती म्हणाली, अख्ख्या हॉलमध्ये टाळ्या एकाच माणसाने वाजवल्या.
आई दारात उभी होती. तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला.
धाकटीच पुढे म्हणाली, कोणाला सांगितलेलं नाही मी. सांगणारही नाही. रविवारी पुन्हा हॉल घेतलाय, या वेळी थांबणारे दाजी आहेत. यायचं असलं तर ये. शेवटच्या रांगेत बस. आणि हात खिशात ठेव.

रविवार, दुपारी
ग्रुपवर ढिम्मचं नाव टाकू नकोस, म्हणून सकाळी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, टाकणारच नव्हते.
कपाट उपसलं. माझ्या एकाही ड्रेसला खिसा नाही. हे इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही, कळत नाही. खिसे असलेला एकच कपडा निघाला, तो रेनकोट. चढवला. आई म्हणाली, अगं, बाहेर रखरखीत ऊन आहे. म्हटलं, माहीत आहे.