यतीनला सांगणे

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. पुढे कंपनीचा इतिहास लिहायचा झाला तर कामाला येईल.

परिस्थिती अशी. नोकरीतून बाहेर पडून चार महिने झाले. समिधा ‘नोकरी गेली’ म्हणते. बायकोने शब्द जपून वापरावेत. काल सुरुचीचा फोन. ही रिक्रूटर. इंग्लंडच्या क्लायंटचं एक वर्षाचं काँट्रॅक्ट आहे, घरूनच काम, सुरुवात १ डिसेंबर. पण क्लायंट सुट्या माणसाशी करार करत नाही. एक तर अंब्रेला कंपनीच्या पेरोलवर जायचं, म्हणजे काम क्लायंटचं आणि पगार अंब्रेलाचा, पीएफपासून स्वतःच्या फीपर्यंत सगळं तेच कापणार. नाहीतर स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड काढून यायचं. २१ तारखेपर्यंत कळवा म्हणाली.

मी एका सेकंदात ठरवलं. लिमिटेड. सुरुचीला कळवलं की दोन दिवसांत कळवतो.

६.४५ला बाबांचा फोन वाजला. नेहमीसारखाच. बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. फोन शोकेसमध्ये चार्जिंगला असतो, कारण लाइट बिल, गॅस, सगळ्यांचे ओटीपी अजून त्यावरच येतात. त्याचं पॅटर्न लॉक कुणालाच माहीत नाही. त्यामुळे गजर त्या दिवसापुरता बंद करता येतो, कायमचा काढता येत नाही. स्क्रीनवर एकच शब्द येतो: ‘गोळी’.

६ नोव्हेंबर, गुरुवार

निकेतकडे गेलो. सीए. भाईंदर वेस्टला फरसाणच्या दुकानावर ऑफिस. वासाने शेव-गाठीची भूक लागते, एकाग्रता होत नाही. तो म्हणाला, दोन डायरेक्टर लागतील, आणि घरच्या पत्त्यावर कंपनी काढायची तर ताजं लाइट बिल आणि घरमालकाची एनओसी. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत आणतो.

लाइट बिल बाबांच्या नावावर आहे. फ्लॅटही बाबांच्याच नावावर आहे. मालक हयात नाहीत हे निकेतला सांगितलं नाही. तो तपशील आहे.

आळस म्हणून फ्लॅट नावावर करायचा राहिला असं कुणी समजू नये. सोसायटीत गेलो की सेक्रेटरी उत्तमभाई रजिस्टर उघडणार आणि ‘लीलाधर शांताराम पाटणकर’वर रेघ मारणार. माझ्यासमोर. ते मला बघायचं नव्हतं, एवढंच.

९ नोव्हेंबर, रविवार

व्हिजिटिंग कार्डं छापून आली. ‘पाटणकर ग्लोबल प्रा. लि. यतीन पाटणकर, फाउंडर’. कागद जाड आहे.

समिधाला दुसरी डायरेक्टर व्हायची ऑफर दिली. तिने विचारलं, करायचं काय असतं? म्हटलं, काही नाही, सही. मग तू काय करणार, म्हणाली. या प्रश्नाचं उत्तर मी लेखी देणार आहे.

दुपारी स्वप्नीलचा फोन. जुन्या ऑफिसातला माझा ज्युनियर, मीरा रोडला राहतो, तोही घरी बसलाय. सुरुचीने त्यालाही तेच विचारलंय. तासभर मार्गदर्शन केलं. छोट्या माणसाने अंब्रेलाच घ्यावी, म्हटलं, झेपेल ते करावं. ‘थँक्यू सर’ म्हणाला. माणूस कृतज्ञ आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अंब्रेलाचा फॉर्म उघडला. फक्त तुलनेसाठी. सहा पानं. तीन पानं झरझर भरली, हातासरशी. चौथ्या पानावर ‘मृत्यू झाल्यास नॉमिनी’. नाव, नातं, टक्के.

लॅपटॉप मिटला. मंगळवारी असलं काही लिहू नये.

त्याच क्षणी शोकेसमध्ये उजेड पडला. ‘प्रिय ग्राहक लीलाधर पाटणकर, आपले बिल तयार आहे.’ बाबांना अजून प्रिय म्हणतात. मला सुरुची नुसतं ‘हाय’ म्हणते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ६.४०

समिधा आंघोळीला गेलीय. एनओसी टाइप करून ठेवलीय, खाली सहीपुरती जागा. बाबांची सही मला शाळेपासून येते. सातवीत प्रगतिपुस्तकावर केली होती. त्यामुळे याला खोटी सही म्हणता येणार नाही, परंपरा म्हणावी.

लीलाधरचा ‘ली’ झाला. बाबा पोस्टात होते. जन्मभर लोकांचे फॉर्म भरून दिले, शेवटचं अक्षरही पहिल्याइतकंच वळणदार. ‘ला’ काढणार तेवढ्यात

६.४५चा गजर. ‘गोळी’. कागदावर पेन इतकं ओढलं गेलं की टेबलावरही रेघ आहे. कागद फाडला. सातवीतही पकडला गेलो होतो. तेव्हा बाबा ओरडले नव्हते, नुसते बघत राहिले होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाल्कनीत बाबांची खुर्ची आहे, तिच्यावर मी कपडे ठेवतो. आज कपडे काढून घेतले. ती रिकामी जास्त वाईट दिसते. परत ठेवले.

समिधा म्हणते, तू हल्ली त्या फोनशी बोलतोस. म्हटलं, क्लायंट कॉलची प्रॅक्टिस करतोय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज ते आलं. मला वाटलं होतं या वर्षी नाही येणार.

सकाळी नऊला बाबांच्या फोनवर, लॉक स्क्रीनवर: ‘यतीनला सांगणे’.

बाबा गेल्यापासून तिसरी वेळ. दर १८ नोव्हेंबरला येतं. पहिल्या वर्षी वाटलं काहीतरी किरकोळ असेल. गेल्या वर्षी दिवसभर घराबाहेर राहिलो, उत्तनला जाऊन समुद्रासमोर बसलो. काय सांगायचं होतं? आजार लपवला होता? कुठे पैसे ठेवले होते? की माझ्याबद्दल काही? आज त्याच्यासमोर उभा राहून म्हटलं, सांगा ना, ऐकतोय. स्क्रीन विझली.

सांगायचं होतं ते माणूस गेल्यावरही राहतं, आणि ऐकणारा असा उभा राहतो. मला भीती वाटते. लिहून टाकलं, आता विषय बंद.

नीट विचार केल्यावर खात्री पटली. ‘यतीन, स्वतःची कंपनी काढ’ हेच सांगायचं असणार. दुसरं काय?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटची तारीख. सुरुचीला कळवलं की रचनात्मक प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. ती म्हणाली, सोमवार सकाळपर्यंत बघते, पण क्लायंट थांबेल असं नाही. थांबेल. क्वालिटीसाठी लोक थांबतात.

समिधाने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. व्याकरणाने भूतकाळ असला तरी अर्थ भविष्याचा होता. तिने शिरा केला. ऑफिसातही सांगितलंन वाटतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सोसायटीचं ऑफिस रविवारी दहा ते बारा. पावणेबाराला गेलो.

उत्तमभाईंनी चष्मा पुसला. “यतीनभाई, तीन साल से मैं राह देखता हूँ,” म्हणाले. रजिस्टर उघडलं. मी दुसरीकडे बघितलं. रेघ मारल्याचा आवाज आला नाही म्हणून परत बघितलं.

बाबांच्या नावाखाली नॉमिनेशन. बाबांचंच अक्षर. ‘सौ. समिधा यतीन पाटणकर, सून. १०० टक्के.’ तारीख १८ नोव्हेंबर २०१९.

उत्तमभाई समजावत होते. नॉमिनी म्हणजे मालक नाही, एकुलता मुलगा म्हणून वारसा माझाच. “हक आपका ही है. कागज़ का काम भाभी करेगी. अंकल ऐसा ही बोले थे.”

जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर बसलो.

घरी समिधा भाजी निवडत होती. एनओसी अडलीय म्हटलं आणि विचारलं, नॉमिनेशनचं तुला माहीत होतं? हो म्हणाली. सही तिचीही आहे.

“बाबा म्हणाले होते, मी सांगतो त्याला, तू बोलू नकोस.”

मग सांगितलं का नाही?

“दरवर्षी त्या दिवशी म्हणायचे, आज सांगतो. तुझ्यासमोर येऊन बसायचे, तुझा चेहरा बघायचे आणि मग चहा मागायचे.”

मला राग यायला हवा होता. मला तो चहा आठवला. बाबा समोर बसलेत, काही बोलत नाहीत, मी लॅपटॉपमध्ये. एकदा मी विचारलंही होतं, काही हवंय का? नाही म्हणाले. साखर जास्त आहे म्हणाले.

तीन वर्षं ज्याला घाबरलो ते एवढंच होतं. बाबाही माझ्यासारखेच होते. उद्यावर ढकलणारे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मोठ्या मनाने निर्णय घेतला. सुरुचीला लिहिलं, तुमच्या सोयीसाठी अंब्रेलाही चालेल.

उत्तर दहा मिनिटांत. जागा शुक्रवारीच भरली. स्वप्नीलला मिळाली. त्याने ११ तारखेलाच अंब्रेलाचा फॉर्म भरला होता, एका दुपारी. पण त्याला हाताखाली एक माणूस हवाय, तीन महिन्यांसाठी, अंब्रेलाच्याच पेरोलवर. त्याने आपणहून माझं नाव सुचवलं. लिहिलंय, ‘सरांनीच मला योग्य सल्ला दिला.’

चौथं पान दोन मिनिटांत भरलं. समिधा, पत्नी, १०० टक्के.

संध्याकाळी तिला सांगणार.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं नाही. रोज काहीतरी असतं. पाहुणे, सिलिंडर.

आज तिने काय केलं! हाफ डे घेतला, सोसायटीत अर्ज दिला, कमिटीच्या सह्या घेतल्या आणि एनओसी घेऊन आली. मालकाच्या जागी तिची सही, वळणदार. एका दुपारी. माझ्या हातात कागद देऊन म्हणाली, “घे. आता तुझी कंपनी कुणी अडवणार नाही.” मी तिच्यासमोर बसलो. तिच्याकडे बघितलं.

चहा मागितला.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ८

६.४५. ‘गोळी’. उठलो होतोच.

साडेनऊला पहिला कॉल, स्वप्नील घेणार आहे. अजून सर म्हणतो, पण वेळेवर या म्हणाला. समिधा ऑफिसला निघताना एनओसी फ्रेम करू या म्हणाली. खुर्चीवरचे कपडे मी घडी करून कपाटात ठेवले आणि तिथेच बसून हे लिहितोय.

माझ्या फोनमध्ये रिमाइंडर टाकला. ‘समिधाला सांगणे’. फोनने विचारलं, पुन्हा कधी आठवण करू? रोज, दर आठवड्याला, दर महिन्याला, दरवर्षी.

रोज म्हणजे फार घाई होईल. दरवर्षी ठेवलं.