ऐनाच्या रानातला गॅस

शीळफाट्याजवळ, एप्रिल १९५८

प्रिय मित्र त्र्यंबक यास गोपीनाथचा सप्रेम नमस्कार.

तुझी तब्येत, वहिनींचा दमा आणि बाळचं मॅट्रिक ही तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. आमचं विचारशील तर भात बरं पिकलं, सगुणाला (माझी धाकटी लेक) मुलगा झाला आणि माझं डोकं फिरलं आहे. तू सचिवालयात बसतोस, म्हणून सगळा राग तुझ्यावरच काढतो. वाईट वाटलं तरी वाच.

आमच्या गावामागचं सरकारी रान तुला आठवत असेल (शाळेत असताना तिथली करवंदं खाऊन तू दोन दिवस आडवा होतास). तिथल्या ऐनाची एक डहाळी तोडली तरी जंगलगार्ड पंढरी अंगावर धावून येतो. राबासाठीसुद्धा तोडू देत नाही! तू पांढरपेशा, तुला राब काय ठाऊक? भाताचं रोप टाकायच्या जागी ऐनाच्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा रचायचा, वरून माती लोटायची आणि आतल्या आत धुमसू द्यायचं. त्याशिवाय रोप नीट धरत नाही. पण पंढरी म्हणतो, जंगल ही राष्ट्राची ठेव आहे. पालापाचोळा गोळा केला म्हणून त्याने आमच्या तुळसाचा (म्हणजे तुझ्या वहिनीचा) विळा जप्त केला.

आणि आता त्याच राष्ट्राने त्या रानात लोखंडी मनोरा उभा केलाय! जमिनीखाली म्हणे गॅस आहे. मोटारी वळवायला जागा हवी म्हणून चाळीस ऐन आडवे केले (मी स्वतः मोजले), आणि पंढरी कुऱ्हाडवाल्यांना पाणी पाजत उभा. गॅस शोधणाऱ्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, गॅस निघाला की डोंबिवलीपर्यंत घरोघरी धुराशिवाय चूल पेटेल, बायकांचे डोळे वाचतील. खोटं कशाला बोलू, तुळसाचे लाल डोळे आठवले आणि मला ते पटलं. गॅस खरंच असता तर झाडं मोजत बसलो नसतो. पण पाच महिने भोक पाडताहेत आणि निघतोय नुसता चिखल. तरी आता दुसऱ्या मनोऱ्यासाठी आणखी साठ झाडांवर चुन्याच्या खुणा केल्यात. अरे, रान काय यांच्या सासऱ्याचं आहे? कोणत्या गाढवाच्या सांगण्यावरून हे सुरू झालं ते शोधून त्याला भर बाजारात फटके दिले पाहिजेत.

लोभ आहेच, तो वाढवायला आज मन थाऱ्यावर नाही.

तुझा,
गोपीनाथ

ता. क. त्या गाढवाचं नाव तुमच्या फायलीत आहे. ते माझं आहे. गेल्या चैत्रात साहेब पाहणीला आले, तेव्हा रानालगतच्या शेतात माझा राब धुमसत होता. ज्वाळा नाही, निखारा नाही, मातीतून नुसता धूर. साहेबांनी विचारलं, हा कधीपासून निघतो? शेजारी पंढरी उभा, आणि मातीखाली चोरून आणलेल्या ऐनाच्या डहाळ्या. मी म्हणालो, आजोबांच्या काळापासून, आपोआप. तुळसा मागून पुटपुटत होती, "खरा सांगा ना त्यांना, राब हाय त्यो!" मी तिच्यावर डोळे वटारले आणि साहेबांच्या कागदावर सही केली.

दुसरा ता. क. वरच्या साहेबांना खरं काय ते सांग. माझं नाव टाळता आलं तर टाळ, नाहीच आलं तर घे. पण लगेच सांग. आज सकाळी साहेब पुन्हा आमच्या बांधावर आले होते. यंदाचा राब धुमसतोय, आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी तोंड उघडलं होतं रे, पण पंढरी शेजारीच उभा होता.