छपरावरच्या हवेची वाटणी

मी, हेरिबेर्तो ऊसुगा, बंद पडलेल्या कापड गिरणीतला निवृत्त कामगार, दिवंगत एदिल्माचा नवरा, राहणार ला कुंब्रेची चढण, मेदेयीन, सकाळी गुळाचे गरम पाणी पिऊन, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. छपराबद्दल तसे म्हणता येणार नाही, आणि हे लिहिण्याचे कारणही तेच. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. कविता केल्या, पण त्या कोणावरही बंधनकारक नाहीत.

पहिली गोष्ट मालमत्तेची. दोन खोल्यांचे एक घर, वर सिमेंटचे सपाट छप्पर, आणि छपराच्या चारी कोपऱ्यांतून हातभर वर आलेल्या लोखंडी सळया. आमच्या चढणीवर कोणी घर पूर्ण करत नाही. पोरे मोठी होतील, लग्ने करतील, वर मजला चढवतील म्हणून सळया उभ्या सोडायच्या. त्यामुळे बाप गेला की आमच्याकडे दोन वस्तू वाटल्या जातात: खालचे घर आणि वरची हवा. हसू नये. ही हवा इथे विकली जाते, गहाण पडते, आणि तिच्यापायी भाऊ भावाचे तोंड बघत नाही.

माझ्या सळया वाट बघून गंजल्या. त्यांच्या कडेने पाणी झिरपते आणि बरोबर माझ्या खाटेवर पडते. हार्डवेअरवाला आनीबालशेठ एकदा वर चढून बघून आला.

"सळया कापा, आणि वरून डांबर फासा," तो म्हणाला.

"अरे, आशा कापू?"

"मग आशेखाली बादली ठेवा, हेरिबेर्तो."

मी बादली ठेवली. शाळेत आम्हाला पावसाच्या कविता पाठ करायला लावत. हात मागे बांधून, डोळे खिडकीबाहेर लावून आम्ही म्हणायचो, आणि मला वाटायचे की पाऊस माझ्यासाठीच पडतो आहे. तेवढे मात्र खरे ठरले. अजूनही त्या साऱ्या कविता पाठ आहेत. आता खाटेवर पडून म्हणतो तेव्हा एवढेच कळते की त्या लिहिणाऱ्यांची छपरे पक्की होती. या सर्व कविता मी चढणीवरच्या शाळेला परत करतो. फक्त पत्र्याखालच्या वर्गात त्या शिकवू नयेत, ऐकू येणार नाहीत.

गिरणीने दिलेले भिंतीवरचे घड्याळ. गिरणी बंद करताना मालकांनी भाषण केले की आपण सारे एक कुटुंब आहोत. कुटुंबात पेन्शनची भाषा बरी दिसत नाही, म्हणून घड्याळ दिले. ते माझा मुलगा विल्मार ज्या इंटरनेटवरच्या वर्तमानपत्रात लिहितो, त्या 'ठिणगी'च्या कचेरीला द्यावे. भांडवलशाहीचे पुरावे त्यांना नेहमी लागतात. हा पुरावा सध्या बंद आहे, सेल घालावा.

निळ्या रंगाचा अर्धा डबा 'सोनेरी हात' या दानशूर संस्थेला परत जावा. गेल्या वर्षी एका शनिवारी एका बँकेची माणसे पिवळे शर्ट घालून या संस्थेतर्फे आमच्या दारी पुण्य करायला आली. समोरची भिंत निळी केली, तिच्यावर एक इवला पक्षी काढला. माझी मुलगी, तिचे नाव लुस दारी, शिवणाचे काम टाकून बाहेर आली आणि त्यांच्यातल्या एका बाईंना म्हणाली,

"ताई, रंग छान आहे हो. पण गळतंय वरून."

"वरचं नाही बसत आमच्यात, मावशी. आमचा प्रकल्प दर्शनी भागाचा आहे."

"बरं. पावसाला सांगते, उद्यापासून दर्शनी भागातून येत जा."

त्या बाई मोकळेपणाने हसल्या, सगळ्यांनी मिळून फोटो काढला, आणि जाताना माझ्या हातात एक पिवळा शर्ट ठेवला. त्याने मी फरशी पुसतो, उत्तम पाणी शोषतो. दान वाया गेले असे कोणी म्हणू नये. पक्ष्याला मात्र ओल लागून पोट सुटले आहे.

आता विल्मार. पोरगा हुशार. वाक्याला ताल कसा असतो ते मीच त्याला मांडीवर घेऊन शिकवले. पुढे त्याने त्यात राग भरला. मे महिन्यात तो कॅमेरावाला फोन घेऊन आला.

"अप्पा, बादलीकडे बघा. नाही, हसू नका ना!"

"हसत नाही रे. कवळीच तशी बसवलीय."

"विल्मार," लुस दारी आतून म्हणाली, "भरली बघ ती. ओत बाहेर."

"एक मिनिट, ताई, लाइव्ह चालू आहे."

लेख आला: 'भांडवलशाहीचे गळके छप्पर'. माद्रिदहून एका बाईने कळवले की वाचून तिला रडू आले. लेखाच्या तळाशी मदतीचे बटण होते, वर्तमानपत्र स्वतंत्र राहावे म्हणून. म्हणजे अश्रू वर पडले, दान तळाशी पडले, आणि पाणी जिथे पडायचे तिथेच. आनीबालशेठला लेखात 'चढणीवरचा छोटा भांडवलदार' म्हटले होते. मला वाटले, तो भांडायला येईल. तो खूश होऊन आला. "बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, एवढा भांडवलदार आहेस तर मोरीतला नळ कधी बदलणार?" डांबराचा जो डबा त्याने मला वाळका विकला होता, तो त्याला परत द्यावा. आमच्यात आणखी काही बाकी नाही.

इथवर सारे हसण्यावारी नेता येते. गेल्या महिन्यात मात्र 'ठिणगी' आणि 'सोनेरी हात' यांची गट्टी जमली. त्यांची योजना विल्मारने मला समजावून सांगितली. माझ्यामागे हे घर संस्थेला द्यायचे आणि त्याचे 'स्मृतिघर' करायचे. माझी खाट, माझी बादली काचेत. शाळांच्या सहली येतील. आणि ताईला तिथेच राखणदाराची नोकरी.

वीस वर्षे माझे अंथरूण वाळवणाऱ्या लुस दारीने मशीनवरून मान वर न करता एवढेच विचारले, "अप्पा, माझं मशीन काचेच्या आत ठेवणार की बाहेर?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी या कागदासाठी राखून ठेवले. ते आता देतो.

घर लुस दारीचे. दोन्ही खोल्या, दार, पोट सुटलेला पक्षी, सारे. तिच्या इच्छेविरुद्ध काचेत काहीही ठेवू नये.

वरची हवा विल्मारची, पण एका अटीवर, आणि ती समजायला जुनी गोष्ट सांगावी लागेल. आमच्याकडे छप्पर ओतायचे तर सारी चढण बोलवतात. मजुरी नसते, माणसे रांग लावून सिमेंटच्या बादल्या हातोहात वर देतात. घरधनी भल्या मोठ्या पातेल्यात सांकोचो रटरटत ठेवतो, कोंबडी, कच्ची केळी, मक्याची कणसे, आणि उद्या दुसऱ्याच्या छपराला आपण बादली धरतो. सकाळी सुरू केले की मध्ये थांबायचे नाही. थांबलात तर सांधा कच्चा राहतो, आणि पाणी तोच शोधून काढते. आमचे छप्पर ओतले त्या दिवशी डोंगरावर असे काही ऊन पडले होते की माझ्याने राहवेना. भरली बादली हातात धरून मी सगळ्या रांगेला शाळेतली एक कविता ऐकवू लागलो. पातेल्याजवळून एदिल्मा ओरडली, "ए कवी, बादली पुढे सरकव! सिमेंट टाळ्या नाही वाजवत, घट्ट होतं!"

तिच्याइतकी नेमकी टीका माझ्यावर कोणी केली नाही.

तर अट अशी. माझ्या अंत्ययात्रेला पुष्पचक्रे नकोत. आणायचीच तर सिमेंटची गोणी आणावी. आनीबालशेठ त्या दिवशी भाव वाढवील, बाजारावर माझा तेवढा विश्वास आहे. विल्मारने वर्षभरात सळयांचा गंज खरवडून नव्या जोडाव्या, खांब आणि भिंती चढवाव्या. माझ्या वर्षाच्या प्रार्थनेच्या दिवशी चढण बोलावून वरचे छप्पर ओतावे, म्हणजे खालचे आपोआप गळायचे थांबेल. रांगेत त्याने मधोमध उभे राहावे. फोन लुस दारीच्या एप्रनच्या खिशात. लेख लिहायला मनाई नाही, पण हात धुतल्यावर. तो आला नाही, किंवा फोटोसाठी रांग थांबवली, तर हवाही लुस दारीची. तिने खुशाल सळया कापून डांबर फासावे. आशेखाली बादली ठेवायचे काम मी माझ्यापुरते केले, ते तिने करू नये.

एदिल्माचा मोठा डाव लुस दारीकडेच आहे. सांकोचोत मीठ तिच्या अंदाजाने.

हे सारे आज साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. विल्मारही होता. वाचून झाल्यावर त्याने खिशातून फोन काढला.

"अप्पा," तो म्हणाला, "हे छापू का?"

"आधी ती बादली ओत," लुस दारी म्हणाली.

त्याने फोन मशीनवर ठेवला, बादली उचलली, बाहेर ओतून आला आणि परत जागेवर ठेवली. मग ती दोन बोटांएवढी डावीकडे सरकवली, कारण पाणी तिथे पडत होते. वारशाचा तेवढा भाग त्याला माझ्या हयातीतच मिळाला, अशी इथे नोंद करतो.

साक्षीदार:
आनीबाल ताबारेस, हार्डवेअरवाला (डांबर वाळके नव्हते, असे त्याचे म्हणणे)
रुबिएला ओसोर्नो, निवृत्त शिक्षिका
हुवेनाल मोन्साल्वे, समोरचा पाववाला

ला कुंब्रे, मेदेयीन, २७ ऑक्टोबर २०२२, पाऊस चालू.

सही: हेरिबेर्तो ऊसुगा

सहीवरचा डाग वरून पडलेला आहे. ती खाडाखोड समजू नये.